स्तरनिहाय अध्यापन

प्राथमिक शाळेतल्या मुलांना वाचन आणि अंकगणित शिकवण्याची ही एक पद्धत आहे. तिच्यात मुलांचे गट वय किंवा इयत्ता पाहून पाडत नाहीत, मुलाला आज काय येते ते पाहून पाडतात. चौथीतल्या मुलाला अक्षरे ओळखता येत नसतील तर तो अक्षरांच्या गटात बसतो आणि तिसरीतली मुलगी सफाईने उतारा वाचत असेल तर ती गोष्टीच्या गटात जाते. हे गट दिवसातून तास-दीड तास चालतात. बाकीचा वेळ नेहमीचे वर्ग भरतात. पद्धतीची मुळे मुंबईतल्या वस्त्यांमध्ये आहेत. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी 1990 च्या दशकाच्या मध्यावर सुरू केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या कामातून ती घडत गेली.

मूल मागे पडते ते बहुतेक वेळा पहिली-दुसरीतच. अक्षरे पक्की होण्याआधी पुस्तक पुढे सरकते आणि पुढच्या प्रत्येक इयत्तेत ते अंतर वाढते. शिक्षकाला थांबायला सवड नसते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्येच, ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पुरा करणे हे शिक्षकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. फळ्यावरचे सगळे वळणदार अक्षरात उतरवून घेणारे, पण वहीतले तेच वाक्य वाचून दाखव म्हटले की गप्प होणारे मूल प्राथमिक शिक्षकांना चांगले ओळखीचे असते. ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या 2024 च्या ग्रामीण पाहणीत पाचवीतल्या 48.8 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे निम्म्याहून थोडी अधिक मुले पाचवीच्या पुस्तकासमोर नुसती बसून होती. या मुलांना ‘ढ’ म्हणून सोडून देणे हा त्यांच्यावर सरळ अन्याय आहे, कारण त्यांना जिथून पुढे जाता आले असते तिथून कोणी शिकवलेच नाही.

सुरुवात एका कागदाने होते. त्यावर काही अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. मूल एकटे समोर बसते आणि आधी उतारा वाचते. जमला तर गोष्ट. अडखळले तर शब्द, मग अक्षरे. गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे, एवढेच. गुण देत नाहीत, मूल कोणत्या पायरीवर आहे तेवढे टिपतात. एका मुलाला काही मिनिटे लागतात आणि कागद इतका साधा असतो की शिकवायचे कुठून, हे पालकालाही पाहता पाहता कळते.

गटात मुले जमिनीवर गोल करून बसतात. शिक्षक शब्दाखाली बोट फिरवत गोष्ट वाचतो, मुले मागून म्हणतात, मग एकेक जण स्वतः बोट ठेवून वाचतो. बाराखडीचा तक्ता रोज म्हणायचा, गोष्टीवर भरपूर बोलायचे, जमिनीवर खडूने लिहायचे. गणितात दहा-दहा काड्यांचे गठ्ठे असतात. 42 मधून 17 वजा करताना मूल एक गठ्ठा सोडते, तेव्हा हातचा म्हणजे काय हे त्याला हाताने कळते. दर काही दिवसांनी पुन्हा तपासून मुलाला वरच्या गटात सरकवतात. हे सरकवणे थांबले तर पद्धतच मोडते. खालचा गट कायमचा शिक्का होऊन बसतो. टीकाकारांची ही भीती रास्त आहे.

पहिला मोठा पडताळा ‘बालसखी’ कार्यक्रमाचा. वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळात रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन बसत. मुंबई आणि वडोदऱ्यात या शतकाच्या सुरुवातीला अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. चाचण्यांतले गुण वाढले आणि सर्वाधिक फायदा सगळ्यात मागच्या मुलांना झाला. (बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना पुढे 2019 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.)

सरकारी शाळेत हे जमते का, हा खरा प्रश्न होता. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनीच घेतलेल्या उन्हाळी शिबिरात मुले शिकली. पण त्याच प्रशिक्षणानंतर आणि साहित्य हाती असताना वर्षभराच्या नेहमीच्या वर्गात काही फरक पडला नाही. शिक्षक तेच होते. उन्हाळ्यात पुस्तक संपवायचे नव्हते, हा मोठा बदल होता. हरियाणात 2012-13 मध्ये वेळापत्रकातच एक तास राखून ठेवला, गट इयत्ता मोडून पाडले आणि देखरेख करणाऱ्यांनी आधी स्वतः वर्ग घेऊन पाहिले. तिथे हिंदी वाचन सुधारले. प्रशिक्षणाच्या नावाखाली नुसत्या पुस्तिका वाटणाऱ्या प्रत्येक शिक्षण विभागाने हे दोन अनुभव शेजारी ठेवून वाचावेत. महाराष्ट्रात 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर स्तर ठरवून शिकवण्याची भाषा जिल्हा परिषदेच्या शाळांत रुळली.

आफ्रिकेत घाना आणि झांबिया हे आरंभीचे देश. झांबियाच्या सरकारने 2016 मध्ये ‘कॅच अप’ नावाने काही शाळांत सुरुवात केली. तिथली मुले वाचतात ती चिन्यांजा, चिटोंगा अशा स्थानिक भाषांत. बोट्स्वानात करोनाकाळात शाळा बंद असताना एका स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकर्त्यांनी पालकांच्या फोनवर आठवड्यातून एकदा सुमारे वीस मिनिटे मुलाशी बोलून गणित घेतले आणि मुलाच्या पातळीनुसार उदाहरणे बदलली. ज्यांना केवळ संदेशातून उदाहरणे जात होती त्यांच्यात फारसा फरक दिसला नाही. ज्यांच्याशी फोनवर कोणी बोलत होते, ती मुले पुढे गेली.