एकच फोटो, दोन आज्या

परवा एका वेबिनारमध्ये पुन्हा ती स्लाइड आली, मेंदू शब्दांपेक्षा चित्रं 60,000 पट वेगाने वाचतो म्हणे. आता हा प्रयोग कोणी केला, कधी केला, वेग मोजला तो नेमका कशाचा, हे कोणी सांगत नाही, कारण तसा प्रयोग सापडतच नाही. 'नासानेही मान्य केलं' वाल्या फॉरवर्डच्या पंगतीतच बसवा त्याला. खरा प्रयोग अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातला आहे, 2014 चा. मेरी पॉटर आणि सहकाऱ्यांनी लोकांना भराभर चित्रं दाखवली, एकेक चित्र फक्त 13 मिलिसेकंद, तरी हवं ते चित्र त्यात होतं की नाही हे लोक नुसत्या अंदाजपंचेपेक्षा जास्त वेळा बरोबर सांगू शकले.

म्हणजे चित्रात काय आहे ते पटकन कळतं. पण गोष्ट? ती बरीचशी आधीच्या चित्रात असते! रशियात 1920 च्या आसपास लेव्ह कुलेशोव्ह या सिनेदिग्दर्शकाने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाडग्याला जोडला, एकदा शवपेटीला, आणि लोकांना तो एकदा भुकेला वाटला, एकदा दुःखी, असं सांगतात.

हे मला घरीच बघायला मिळालं. गावच्या घराचे जुने फोटो घेऊन मी एक वेबपेज केलं, कुठल्याही फोटोवर टॅप करा आणि तिथून पुढे जा, ठरलेला क्रम नाही. त्यात आजी पडवीत बसलीये, बाहेर कुठेतरी बघतेय, असा एक फोटो. बांधलेल्या ट्रंकेवरून आलात तर ती कोणाला तरी निरोप देतेय, चुलीवरच्या पातेल्यावरून आलात तर जेवायला कोणाची तरी वाट बघतेय. आत्याचा फोन आला, "अरे, तो दुसरा फोटो जास्त छान आलाय, पहिल्यात आई फार उदास दिसते." दुसरा फोटो नाहीच आहे!

आणि इथेच अशा, वाचणाऱ्याने वाट निवडायच्या, गोष्टींचं सगळं गणित सुटतं. समजा गोष्टीत 10 वळणं आहेत, प्रत्येक ठिकाणी दोन वाटा. सगळ्या वाटा वेगळ्या ठेवल्या तर 1 + 2 + 4 असं करत 1024 पर्यंत, एकूण 2047 चित्रं लागतात, कोण काढणार एवढी? म्हणून वाटा फुटल्या की पुढच्या वळणावर परत एकत्र आणायच्या. मग वळणांची 10, वाटांची 20 आणि शेवटचं 1, झाली 31 चित्रं. जायचे रस्ते मात्र अजूनही 1024, आणि तेच चित्र वेगळ्या वाटेने आलं की वाचणाऱ्याचा मेंदू त्याचं नवीन चित्र करून घेतो, फुकटात.

फक्त पेजला लक्षात ठेवावं लागतं की तुम्ही काय बघून आलात. त्यासाठी मला भयंकर आवडणारी युक्ती म्हणजे बिट, बघितलं की नाही एवढंच सांगणारी 1 किंवा 0 ची खूण. विहीर बघितली तर 1, किल्ली सापडली तर 2, पत्र वाचलं तर 4, पुढे 8, 16 असं दुप्पट, आणि सगळ्यांची बेरीज. बेरीज 5 आली तर विहीर आणि पत्र, दुसरा काही अर्थ निघूच शकत नाही, कारण 5 म्हणजे बायनरीत, फक्त 0 आणि 1 वापरून लिहिलं तर, 101 आणि मधला शून्य म्हणजे किल्ली नाही, तेव्हा माळ्याचं दार बंद ठेवायचं. अशा 10 खुणा 0 ते 1023 मधल्या एका आकड्यात मावतात. हा आकडा पेजच्या वेब-पत्त्याच्या शेवटी # लावून लिहिला की ब्राउझरचं बॅक बटणही सरळ चालतं, प्रत्येक बदल हिस्टरीत जातो. मी आधी हे केलं नव्हतं, आत्याने बॅक दाबलं आणि ती पेजवरूनच बाहेर, परत पहिल्यापासून विहीर, मग मी शिव्या खाल्ल्या.

बिटमध्ये क्रम मात्र राहत नाही. ट्रंक आधी की पातेलं आधी, बेरीज तीच. सगळे क्रम साठवायचे म्हटलं तर 10 चित्रांचेच 36,28,800 होतात. पण आजीच्या चेहऱ्यावर सगळ्यात जास्त सावली पडते ती अगदी लगेच आधीच्या चित्राची, म्हणून मी बेरजेशेजारी अजून एकच आकडा ठेवलाय, शेवटचं बघितलेलं चित्र. आजीच्या फोटोखालची ओळ त्यावरून बदलते, ट्रंकेवरून आलात तर "पाऊस थांबला की निघ", पातेल्यावरून आलात तर "अजून आला नाही". आत्याला मात्र अजून पटलेलं नाही, तो दुसरा फोटो प्रिंट काढून पाठव म्हणतेय.