जिवाणू रंजन चाचण्या

रुग्णाच्या बेडक्यात, पुवात, लघवीत किंवा पाठीतून काढलेल्या पाण्यात जिवाणू आहेत का, हे काचपट्टीवर रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या पद्धती. प्रयोगशाळेत यांना सरसकट ‘स्टेनिंग’ म्हणतात. जिवाणू जवळजवळ पारदर्शक असतात. बिनरंगाचे ते नजरेत भरत नाहीत. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहायला, एक-दोन दिवस लागतात, क्षयरोगाच्या कल्चरला तर आठवडे. रंगवलेली काच तासाभरात काहीतरी सांगते.

ग्रॅम रंजनातल्या ‘ग्रॅम’चा वजनाशी संबंध नाही. हान्स क्रिस्टियान ग्रॅम हे डॅनिश वैद्य. त्यांनी १८८४ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. आजचा क्रम असा: आधी जांभळा क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग अल्कोहोल, शेवटी लालसर सॅफ्रनिन. जाड पेशीभित्तिकेचे जिवाणू जांभळा रंग सोडत नाहीत, ते ग्रॅम पॉझिटिव्ह. ज्यांचा धुऊन जातो ते गुलाबी दिसतात, ते ग्रॅम निगेटिव्ह. सगळी मेख अल्कोहोलमध्ये आहे. ओघळ जांभळा यायचा थांबला की लगेच पाणी ओतायचे. काही सेकंद जास्त गेले तर पॉझिटिव्हही गुलाबी दिसू लागतात. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या (स्थापना १९९८) एमबीबीएस प्रात्यक्षिकांत नवशिक्यांची घसरगुंडी बहुधा इथेच होते.

क्षयरोगाचा जिवाणू मेणचट आवरणामुळे ग्रॅमच्या रंगाला नीट दाद देत नाही. त्यासाठी झील-नीलसन रंजन: काचेवर कार्बोल फुक्सिन ओतून खालून वाफ येईपर्यंत तापवायचे (उकळू द्यायचे नाही), २५ टक्के सल्फ्युरिक आम्लाने धुवायचे आणि मिथिलीन ब्लू लावायचा. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसल्या की रिपोर्टवर ‘एएफबी पॉझिटिव्ह’. एएफबी म्हणजे आम्लस्थिर जंतू, आम्लाने धुऊनही रंग न सोडणारे. बेडक्याचा थर इतका पातळ हवा की वाळलेल्या काचेखाली वर्तमानपत्र धरले तर अक्षरे वाचता यावीत.

पण निम्मे काम काचेआधीच ठरते. “मावशी, थुंकी नको, छातीतला बेडका पाहिजे,” हे वाक्य थुंकी तपासणीच्या प्रत्येक खिडकीवर रोज ऐकू येते. चाचणीचे नावच ‘थुंकी तपासणी’ पडल्याने लोक प्रामाणिकपणे थुंकी देतात. नमुने दोन लागतात, एक जागच्या जागी आणि एक सकाळी उठल्याबरोबरचा. द्राक्षाच्या हंगामात नाशिक जिल्ह्यातली सुरगाणा-पेठकडची कुटुंबे मजुरीसाठी दिंडोरी-निफाडच्या बागांवर मुक्कामी असतात, तेव्हा हा सकाळच्या नमुन्याचा डबा मिळवणे आरोग्यसेवकाला जिकिरीचे जाते.

कुष्ठरोगाच्या त्वचा-नमुन्याला झील-नीलसन पद्धतच सौम्य आम्लाने वापरतात, घटसर्पाला अल्बर्ट रंजन.

मर्यादा ठळक आहेत. बेडक्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय काचेवर ते सापडत नाहीत, म्हणून ‘निगेटिव्ह’ आले तरी संशय असल्यास सीबीनॅट (जंतूचा डीएनए शोधणारी यंत्रचाचणी) करतात. पेशीभित्तिका नसलेला मायकोप्लाझ्मा हा जिवाणू ग्रॅम रंजनात दिसतच नाही. उलट बाजूने, नळाच्या पाण्यात निरुपद्रवी आम्लस्थिर जंतू असू शकतात; तेच पाणी काच धुवायला वापरले तर निरोगी माणसाच्या काचेवरही लाल काड्या उमटू शकतात.