तळ्याच्या काठावर तहानलेलं घोडं पाणी का पीत नाही?

परवा पुतण्याने एक रील दाखवली. कुठल्यातरी परदेशी समुद्रकिनाऱ्यावर चार-पाच जण घोडे घेऊन कॅम्पिंगला गेलेले, तंबू, शेकोटी, सूर्य बुडतोय आणि एक घोडा लाटांत तोंड घालून उभा. खाली कुणीतरी लिहिलेलं की बघा, घोडा समुद्राचं पाणीसुद्धा पचवतो. अरे बाबा, नाही पचवत! समुद्राच्या एका लिटरमध्ये 35 ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, ते बाहेर टाकायला मूत्रपिंडाला उलट अंगातलंच पाणी खर्चावं लागतं. पण त्या रीलमुळे मला आमच्याकडचा एक प्रसंग आठवला आणि तो याच्या बरोबर उलटा आहे, म्हणजे समोर गोड पाण्याचं भरलेलं तळं आणि घोडं तोंड लावायला तयार नाही.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात दिवाळीनंतर मेंढपाळांचे तळ पडतात. शेतात मेंढ्या बसवतात, शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, त्यांना धान्य नाहीतर पैसे. बिऱ्हाड घोड्यावर, म्हणजे तट्टूवर, त्यावर खाटलं, भांडी, कोंबड्या, कधी लहान पोरगंही. एकदा ऐन मार्चात गावतलावाच्या पाळीवर तळ पडला. दिवसभर उन्हात चालून आलेलं घोडं, अंगावर घामाचा पांढरा फेस, पाण्याजवळ नेलं तर नुसतं हुंगलं आणि मान फिरवली. आमच्या गावचे एक म्हातारबुवा लगेच म्हणाले, "आसरा (पाण्यातल्या देवता) हायेत त्या तलावात, जनावराले दिसते ते. नारळ फोडा." नारळ फुटला, आम्ही पोट्ट्यांनी खाल्ला, घोडं तसंच.

आता खरी गंमत. तहान लागते म्हणजे काय होतं? आपल्याला वाटतं अंगातलं पाणी कमी झालं की तहान लागते. पूर्ण खरं नाही. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाच्या भागाजवळ काही पेशी आहेत, त्या रक्त किती *खारट* झालंय ते मोजत बसतात. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटून फोडी आकसतात ना, शाळेत ज्याला परासरण म्हणायचो तेच, तसं रक्त जरा दाट झालं की या पेशी आकसतात आणि तहानेची घंटा वाजते. एक-दोन टक्क्यांचा फरकही पुरतो.

माणसाचा घाम रक्तापेक्षा बराच फिका असतो. रक्तातलं पाणी लिटरमागे 9 ग्रॅम मिठाइतकं खारट, सलाईनच्या बाटलीवर 0.9 टक्के लिहिलेलं असतं ते म्हणूनच, आणि आपल्या घामात जातं लिटरमागे साधारण 1 ते 3 ग्रॅम मीठ. म्हणजे पाणी जास्त गेलं, मीठ मागे राहिलं, रक्त दाट झालं, तहान लागली. घोड्याचं तसं नाही. त्याच्या घामात सोडियम, पोटॅशियम, क्लोराईड मिळून लिटरमागे 10 ग्रॅमच्या आसपास क्षार जातात, म्हणजे रक्ताइतकाच किंवा त्याहून जरा जास्तच खारट घाम.

वरणाचं पातेलं डोळ्यासमोर आणा. चुलीवर उकळत ठेवलं, वाफ गेली, वरण खारट झालं. हा माणूस. आता वाफ नाही, पळीने वरणच काढून वाढत गेलो, पातेलं अर्धं झालं पण चव तीच. हे घोडं. मेंदूतल्या त्या पेशी चव बघतात, पातेलं किती भरलंय ते बघत नाहीत, त्यामुळे घोडं आतून रिकामं होत आलंय आणि मेंदू म्हणतोय सगळं ठीक आहे. आणि रिकामं होण्याचा वेग बघा, पूर्ण वाढीचं 450-500 किलोचं घोडं उन्हात जोराचं काम करताना तासाला 10 ते 15 लिटर घाम गाळू शकतं!

दुसरी एक घंटा असते, पातेलं किती भरलंय ते बघणारी. रक्ताचं आकारमान आणि दाब कमी झाला की मूत्रपिंडापासून रसायनांची एक साखळी सुरू होऊन मेंदूला तहानेचा निरोप जातो, पण ही घंटा उशिरा वाजते, बरंच पाणी गेल्यावर. आणि समजा घोडं चार घोट साधं पाणी प्यायलं, तर मीठ आधीच गेलेलं असल्याने रक्त लगेच पातळ होतं, मेंदू म्हणतो बस झालं, आणि ते थांबतं. खरं तर त्याला अजून बादल्या हव्या असतात.

फेसाचं पण सांगतो, लोकांना वाटतं घोडं फेसाळलं म्हणजे मरायला टेकलं. त्याच्या घामात लॅथेरिन नावाचं प्रथिन असतं, साबणासारखं काम करणारं. घोड्याच्या केसांना तेलकट थर असतो, त्यावर साधं पाणी थेंब होऊन घरंगळलं असतं, लॅथेरिनमुळे घाम केसांवर पसरतो आणि वाळताना अंग गार करतो. खोगिराखाली घासलं की फेस. बस.

तर त्या दिवशी मेंढपाळ म्हातारीने काय केलं, पिठाच्या गोळ्यात खडेमीठ आणि गूळ घालून घोड्याला चारलं आणि म्हणाली, "मीठ गेलंय त्याच्या अंगातलं, मग कशाला पील." अर्ध्या तासाने घोड्याने तलावाला जे तोंड लावलं ते लवकर काढलंच नाही. म्हातारीने वरणात परत मीठ टाकलं होतं. अमेरिकेत मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी हेच मोजून दाखवलंय, मेहनतीने घामेजलेल्या घोड्यांना पहिलं पाणी 0.9 टक्के मिठाचं दिलं आणि मग साधं, तर त्यांचं घटलेलं वजन नुसत्या साध्या पाण्यापेक्षा जास्त भरून आलं. हिशोब सोपा, 10 लिटरच्या बादलीत 90 ग्रॅम मीठ, पण नंतर साधं पाणी हवं तेवढं समोर ठेवायचंच, नाहीतर उलटं होईल. आणि मीठ घरातलं चालतं. ते महागडं गुलाबी हिमालयन मीठ घोड्याला चाटायला विकतात तेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच, गुलाबीपणा लोहाचा.

समुद्रकाठी मग घोडे जगतात कसे? अमेरिकेत मेरीलँड-व्हर्जिनियाच्या किनाऱ्याला असाटीग नावाचं बेट आहे, तिथे रानटी घोडे खाऱ्या दलदलीतलं गवत खातात. पाणी मात्र गोड्या डबक्यांचंच पितात, आणि पाळीव घोड्यांच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे त्यांची पोटं कायम फुगलेली दिसतात, पाहणाऱ्याला वाटतं सगळ्या घोड्या गाभण आहेत. किनाऱ्यावर तळ टाकणाऱ्यांना दुसरा त्रास वाळूचा, चारा खाली टाकला की वाळू पोटात जाऊन आतड्यात साठते आणि पोटदुखी धरते. आपल्याकडे तोंडाला तोबरा बांधतात ना, तो यावर झकास उपाय.

आपल्याला विदर्भात समुद्र नाही पण लोणार आहे. त्या विवरातलं पाणी खारं आणि अल्कधर्मी, सामू (pH) 10 च्या आसपास, 2020 च्या जूनमध्ये मीठप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झालं तेव्हा तिथेही कोप-बिप झाल्याच्या गोष्टी पसरल्याच होत्या. त्याच विवराच्या कडेला गोड्या पाण्याची बारमाही धार आहे. घोडं घेऊन त्या बाजूला गेलात तर धारेचं पाणी पाजा, आणि नाही प्यायलं तर आधी मिठाचा गोळा चारून बघा, नारळ आपल्यासाठी ठेवा.