खिळ्यात दडलेलं वय

साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावर पॉइंट ऑफ पाइन्स नावाचा कापसाचा मळा होता. तिथलं गुलामांचं एक लाकडी खोपटं २०१३ साली फळी-फळी सोडवून उतरवलं गेलं. आज ते वॉशिंग्टनमध्ये, २०१६ साली उघडलेल्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात पुन्हा उभं आहे. त्याचा काळ साधारण १८५३ चा मानतात.

गुलामांच्या घरांचे कागद क्वचितच सापडतात. मग वय ठरवायचं कसं? एक साक्षीदार म्हणजे खिळा. लोहाराने घडवलेल्या खिळ्यावर घणाचे ठोके दिसतात. एकोणिसाव्या शतकात यंत्राने पत्रा कापून केलेले चौकोनी खिळे आले आणि शतकाच्या शेवटी तारेचे गोल खिळे. करवतीचंही तसंच: उभ्या करवतीच्या खुणा सरळ, गोल करवतीच्या कमानदार. तुळईच्या कडेला साल शिल्लक असेल, तर वार्षिक वलयांवरून झाड कोणत्या वर्षी तोडलं तेही कळतं. फक्त जपून, कारण जुनं लाकूड नव्या घरात सर्रास वापरत.

हलवताना खरी कसोटी लाकडाची. समुद्रकाठच्या दमट हवेत दीड शतक मुरलेली फळी वातानुकूलित दालनात आली की ओलावा सोडते, आकसते, तडकते. म्हणून तिथली आर्द्रता सतत मोजावी लागते.

पण खोपट्याखालची माती गाडीत भरता येत नाही. चुलीजवळची राख, मासळीचे काटे, तुटकी भांडी, मणी, बटणं: त्या माणसांनी काय खाल्लं, काय जपलं हे तिथे थराथरांत पडलेलं असतं. हे थर नोंदवल्याशिवाय घर उचलणं मला तरी अर्धवट वाटतं. हेन्री फोर्डने १९३० च्या दशकात जॉर्जियातल्या सवाना शहराजवळच्या हर्मिटेज मळ्यातली विटांची दोन खोपटी मिशिगनमधल्या आपल्या ग्रीनफील्ड व्हिलेज या खुल्या संग्रहालयात नेली आणि तिथल्या मोठ्या घराच्या विटा स्वतःच्या नव्या बंगल्याला लावल्या!

फ्लोरिडातल्या किंग्सली मळ्यात मात्र घर हलवण्याचा प्रश्नच येत नाही. तिथल्या खोपट्यांच्या भिंती शिंपल्यांचा चुना, वाळू, पाणी आणि अख्खे शिंपले साच्यात ठासून केलेल्या. शिंपले भाजून चुना करणं आपल्या कोकणालाही ठाऊक आहे. अशा भिंतीच्या फळ्या सुटत नाहीत. उचलायला गेलं तर तिचा भुगा होईल. त्यामुळे ती अर्धवर्तुळाकार रांग अजून आपल्याच मातीवर उभी आहे, बहुतेक छपरांविना.