डॅफ्निया जिवंत, म्हणजे पाणी स्वच्छ?

पाण्यात बारीक जीव पोहताना दिसले की कारखान्याचं पाणी निर्धोक, हा समज चुकीचा आहे. जेमतेम काही मिलिमीटरचा डॅफ्निया, म्हणजे गोड्या पाण्यातला बारीक कवचधारी जीव, घ्या. पाणी किती विषारी आहे हे तपासणाऱ्या 48 तासांच्या चाचणीत तो हलतो का, एवढंच पाहतात. 21 दिवसांच्या चाचणीत मात्र पिल्लं मोजतात, आणि खरं नुकसान बहुतेकदा तिथेच कळतं. मादी जगते, पिल्लं घटतात.

अन्नाचाही यात मोठा हात आहे. डॅफ्निया पाणी गाळून सूक्ष्म शैवाल खातो. तांबं, कॅडमियम हे धातू त्याच शैवालाला चिकटून पोटात जातात. शैवाल कमी पडलं, तर उपाशी जीव विषापुढे बहुधा लवकर हरतो.

ट्युबिफेक्स हे लाल किडे तर सांडपाण्यातच फोफावतात. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिनसारखं द्रव्य असल्याने अगदी थोडा ऑक्सिजन पुरतो. त्यांची गर्दी दिसली, तर आधी प्रदूषणाचीच शंका घ्यावी.