लघवीच्या रिपोर्टमागची गोष्ट: किडनीचं काम माणसाला कसकसं उमगत गेलं

लघवीचा रिपोर्ट हातात आला की आपण बघतो काय, तर कुठला आकडा ठळक छापलाय का तेवढंच. अल्ब्युमिन निल, शुगर निल, पस सेल्स २-३, आणि कागद गेला फाइलमध्ये. पण त्या एकेका ओळीमागे शेकडो वर्षांची धडपड आहे आणि ती माहीत झाली की तोच कागद वेगळा दिसायला लागतो. अडचण मुळात एकच होती. लघवी सगळ्यांना दिसायची, पण ती तयार होते ती जागा पाठीकडच्या बाजूला, खालच्या बरगड्यांच्या आड लपलेली, त्यामुळे बाहेर आलेल्या पाण्यावरून आतलं ओळखायचं एवढंच हजारो वर्षं वैद्यांच्या हातात होतं.

सुश्रुतांनी ब्लॅडर कसं भरतं याला एक दाखला दिलाय तो मला फार आवडतो. मातीचा नवा कोरा घडा गळ्यापर्यंत पाण्यात बुडवून ठेवला तर तोंडातून थेंबही न जाता बाजूंनी पाझरून भरतो, बस्ती म्हणजे ब्लॅडर तसं लघवीने भरतं असं ते सांगतात. आज आपल्याला माहीत आहे की असं पाझरणं ब्लॅडरपाशी होत नाही, दोन्ही किडन्यांपासून साधारण २५ ते ३० सेंटीमीटर लांबीच्या दोन नळ्या खाली येतात आणि त्यातून लघवी ब्लॅडरमध्ये उतरते. तरीपण बारीक छिद्रांमधून पाणी झिरपतं ही कल्पना वाया जाण्यासारखी नव्हतीच, फक्त ती ब्लॅडरला लागू न पडता किडनीला लागू पडते हे कळायला पुढे खूप काळ जायचा होता.

मूतखड्याच्या बाबतीत मात्र सुश्रुतांचं वर्णन थक्क करणारं आहे. गुदद्वारातून बोट घालून खडा खाली ओढून आणायचा, गुदद्वाराच्या पुढच्या कातडीवर जी मधली रेघ असते त्या शिवणीपासून जवाच्या दाण्याएवढं अंतर सोडून डाव्या बाजूला छेद घ्यायचा, खडा अख्खा काढायचा, कारण भुगा जरी आत राहिला तरी तो परत वाढतो. हे शेवटचं तर आजचे सर्जनही पेशंटला सांगतात. आणि हे सगळं करायच्या आधी राजाची परवानगी घ्यायची, कारण ऑपरेशन नाही केलं तर मरण ठरलेलं आणि केलं तर वाचेल की नाही याचा भरवसा नाही. भूल नाही, अँटिबायोटिक नाही, अशा काळात हा निर्णय घेणाऱ्यांच्या मनावर काय ओझं असेल! तिकडे ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावाने जी शपथ चालत आली तिच्यात तर मी खड्यासाठी चाकू लावणार नाही, ते काम त्यातल्या माणसांवर सोपवीन असं स्पष्ट लिहिलंय.

लघवी येते कुठून हे पहिल्यांदा हाताने करून दाखवलं ते गॅलेन या ग्रीक वैद्याने, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात. तेव्हा काही जण म्हणायचे की पाण्याची वाफ होऊन ती आपोआप ब्लॅडरमध्ये जमते. गॅलेनने जिवंत जनावराच्या किडनीकडून येणाऱ्या नळ्या बांधून टाकल्या, तर नळ्या वरच्या बाजूला फुगल्या आणि ब्लॅडर रिकामंच राहिलं, मग गाठ सोडली तर ब्लॅडर भरायला लागलं. वाद मिटायला हवा होता एवढं साधं आणि पक्कं उत्तर होतं ते. (आज खडा नळीत अडकून किडनीला सूज आली असं सोनोग्राफीत दिसतं ना, तिथे नेमकं हेच घडलेलं असतं, फक्त गाठीच्या जागी खडा.)

पण किडनी आतून काम कसं करते हे गॅलेनलाही कळलं नाही आणि मधली कित्येक शतकं लघवी बाटलीत धरून उजेडात बघण्यातच गेली. युरोपात त्यासाठी खास काचेचं फुगीर भांडं असायचं आणि लघवीच्या २० रंगांचं गोल चक्र चितारलेलं असायचं, त्यावरून अख्ख्या शरीराचं निदान व्हायचं. त्यात बराच भाग अंदाजाचा, पण रंग, वास, गढूळपणा, गाळ याकडे बारकाईने बघायची सवय तिथेच लागली. मधुमेह्याच्या लघवीला मुंग्या लागतात हे तर आपल्याकडच्या वैद्यांनी कधीच टिपून ठेवलं होतं, रिपोर्टवरच्या शुगरच्या ओळीचं मूळ ते.

खरा दरवाजा उघडला तो मायक्रोस्कोप आल्यावर. १६६२ मध्ये लोरेन्झो बेल्लिनी नावाच्या जेमतेम १९ वर्षांच्या मुलाने दाखवलं की किडनी म्हणजे मांसाचा भरीव गोळा नाही, आत बारीक नळ्यांच्या जुड्या आहेत. चार वर्षांनी मार्सेलो मालपिगीने किडनीच्या रक्तवाहिनीत काळा रंग सोडला तर आत ठिकठिकाणी बारीक काळे गोळे उमटले, फांदीला सफरचंदं लटकावीत तसे. ते गोळे म्हणजे रक्तवाहिन्यांचे गुंते. त्यांचा त्या नळ्यांशी काहीतरी संबंध असणार हे त्याला वाटत होतं पण शेवटपर्यंत दाखवता आलं नाही. तो धागा जोडला विल्यम बोमनने, १८४२ मध्ये, म्हणजे तब्बल १७६ वर्षांनी. गुंत्याभोवती एक पातळ पिशवी असते आणि तीच पिशवी पुढे नळी होते हे त्याने दाखवलं, आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लुडविगने मांडलं की रक्ताच्या दाबाने पाणी या गुंत्यातून गाळलं जातं आणि कामाचं ते नळीतून परत रक्तात ओढलं जातं.

हे खरं की खोटं यावर पुढे ८० वर्षं भांडणं चालली. १९२० च्या दशकात अमेरिकेत वेर्न आणि रिचर्ड्स यांनी केसापेक्षा बारीक काचेची नळी बेडकाच्या किडनीतल्या त्या एवढ्याशा पिशवीत घुसवली आणि आतलं पाणी ओढून तपासलं. पिशवीतल्या पाण्यात साखर होती, त्याच बेडकाच्या ब्लॅडरमधल्या लघवीत नव्हती. म्हणजे गाळलं तेव्हा होती आणि वाटेत परत घेतली गेली. इतका सुंदर पुरावा क्वचितच बघायला मिळतो. आज आपण म्हणतो की एका किडनीत साधारण १० लाख नेफ्रॉन (गुंता, पिशवी आणि नळी मिळून झालेली एकेक गाळणी) असतात, दोघी मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि बाहेर पडतं फक्त दीड-दोन लिटर, ते सगळं या एका थेंबावर उभं आहे.

आता अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन. माझ्या मते रिपोर्टवरची सगळ्यात मोलाची ओळ हीच. १८२७ पर्यंत अंगावर सूज येणं हाच एक आजार मानला जायचा. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइटने अशा पेशंटची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली तर ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली, आणि तेच पेशंट दगावल्यावर शवविच्छेदनात त्यांच्या किडन्या खराब, कित्येकदा आक्रसलेल्या निघाल्या. सूज, लघवीतलं प्रोटीन आणि बिघडलेली किडनी ही तीन टोकं त्याने एकत्र बांधली. बाहेरच्या लघवीवरून आतली किडनी ओळखता आली ती इथे. किडनी बिघडताना दुखत नाही हो, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो एक टाकाऊ पदार्थ) सुद्धा अर्धीअधिक ताकद जाईपर्यंत नॉर्मलच्या आसपास दिसू शकतं, आणि अल्ब्युमिन मात्र त्याच्या बरंच आधी झिरपायला लागतं, म्हणून डायबेटिस किंवा बीपी असणाऱ्यांना काही त्रास नसतानाही ही टेस्ट करायला सांगतात.

पस सेल्स म्हणजे जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी, त्यांचं मूळ जंतूंच्या शोधात आहे. १८८५ मध्ये थिओडोर एशेरिखने आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जंतू शोधला, आणि हाच आतड्यातला रहिवासी लघवीच्या वाटेवर चढला की उन्हाळी लागते, वारंवार जावं लागतं, ओटीपोटात दुखतं. बायकांना हा त्रास जास्त, कारण त्यांची ब्लॅडरपासून बाहेर येणारी नळी ४ सेंटीमीटरच्या आसपास आणि पुरुषांची १८ ते २० सेंटीमीटर, जंतूंना अंतर कमी पडतं इतकं सरळ आहे ते, यात स्वच्छतेवरून बाईला बोल लावण्यासारखं काही नाही. पुरुषांना उतारवयात वेगळाच त्रास, ब्लॅडरच्या खाली असलेली प्रोस्टेट नावाची ग्रंथी वाढून वाट आवळली जाते आणि लघवी तुंबते. त्यासाठी पाँपेईच्या अवशेषांतसुद्धा वाकड्या ब्राँझच्या नळ्या सापडल्यात, आजची फुग्याची रबरी कॅथेटर (तुंबलेली लघवी काढायची नळी) १९३० च्या दशकातली.

खड्याचं ऑपरेशनही बदललं. १८२४ मध्ये पॅरिसला सिव्हियालने छेद न घेता लघवीच्या वाटेने हत्यार घालून खडा आतच फोडला, १८७० च्या दशकाच्या शेवटी निट्झेने ब्लॅडरच्या आत बघायला दिवा असलेली दुर्बीण बनवली, आणि १९८० मध्ये म्युनिकला शरीराबाहेरून शॉकवेव्हने खडा फोडला गेला.

पण किडनीच बंद पडली तर? १९४३ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, हाताशी धड सामान नसताना, विलेम कोल्फने लाकडी पट्ट्यांच्या ड्रमला सॉसेजला लावतात ती सेलोफेनची नळी गुंडाळली, तिच्यातून रक्त फिरवलं आणि ड्रम मिठाच्या पाण्यात गरगर फिरत ठेवला. पहिले जवळजवळ सगळे पेशंट गेले. त्याने सोडलं नाही, आणि १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बेशुद्ध बाई त्या मशीनवर शुद्धीवर आली. तरी दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागायची म्हणून डायलिसिस थोडे दिवसच करता यायचं. ते कायमचं करता यायला लागलं १९६० मध्ये सिएटलच्या स्क्रिबनरने हातात टेफ्लॉनची नळी बसवून ठेवल्यावर, आणि १९६६ पासून आज करतात तो फिस्टुला, म्हणजे हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडणं, आला.

ट्रान्सप्लांटची गोष्ट तर एका जुन्या धाडसावर टेकलेली आहे. एका किडनीवर माणूस जगू शकतो की नाही हेच कुणाला खात्रीने माहीत नव्हतं. १८६९ मध्ये हायडलबर्गच्या गुस्ताव सिमोनने आधी कुत्र्यांवर करून बघितलं आणि मग एका बाईची एक किडनी ठरवून काढली, ती बरी झाली. २३ डिसेंबर १९५४ ला बॉस्टनमध्ये जोसेफ मरे आणि त्यांच्या टीमने एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली तेव्हा निरोगी माणसाच्या पोटावर चाकू ठेवायचा धीर त्यातूनच आला होता. ज्याला किडनी मिळाली तो भाऊ आठ वर्षं जगला, लग्न केलं, मुलं झाली. ज्याने दिली तो २०१० पर्यंत होता, ७९ वर्षांचा होऊन गेला.