मूर्ती, क्रूस किंवा गोठा बनवून घेण्याआधी : श्रद्धा आणि कारागिरीबद्दल आमच्या ग्राहकांसाठी थोडं

नमस्कार. आमचं वर्कशॉप छोटं आहे, मुंबईत मरोळला. लाकूड, दगड आणि फायबर अशी तिन्ही कामं करतो. चर्चची वेदी, क्रुसाच्या वाटेची 14 स्थानं, संतांच्या मूर्ती, घरच्या ऑल्टरवरचे क्रूस, नाताळचे गोठे आणि गावठाणातल्या जुन्या क्रुसांची दुरुस्ती. रेटकार्ड वेगळं आहे, ते काउंटरवर मागून घ्या. हे पत्रक वेगळ्या कारणासाठी छापलंय, कारण ऑर्डर द्यायला येणारी मंडळी साइज आणि भाव विचारून झाला की जरा थांबतात आणि मग खरा प्रश्न विचारतात, की मूर्ती ठेवलेली चालते का, बनवणारे ख्रिस्ती आहेत का, येशूचा चेहरा असाच का, आणि गर्दी असली की उत्तर नीट द्यायचं राहून जातं. म्हणून इथे लिहितोय. आमचं म्हणणं एकच आहे आणि ते आधीच सांगतो : ख्रिस्ती कला म्हणजे नुसता ख्रिस्ती विषय नाही. क्रूस कोरला म्हणून काम ख्रिस्ती होत नाही, ते खरेपणानं आणि जीव लावून केलं तर होतं.

मूर्ती चालते का?

हा प्रश्न जास्त करून प्रोटेस्टंट मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक विचारतात, आणि कॅथलिक घरात सून किंवा जावई दुसऱ्या मंडळीतला आला की तिथेही निघतो. दहा आज्ञांमध्ये कोरीव मूर्ती करू नको, तिच्या पाया पडू नको असं आहेच, निर्गम 20 वाचा. पण त्याच पुस्तकात पाच अध्याय पुढे गेलात तर देव स्वतः मोशेला सांगतो की आज्ञांच्या पाट्या ठेवायच्या कोशाच्या झाकणावर सोन्याचे दोन करूब, म्हणजे देवदूत, घडव, पंख पसरलेले, तोंडं समोरासमोर. आणि 31 व्या अध्यायात बसालेल येतो. देव म्हणतो मी ह्याला माझ्या आत्म्यानं भरलंय, कशासाठी तर सोनं, रुपं, पितळ घडवायला, रत्नं जडवायला आणि लाकूड कोरायला. हे कुठल्या राजाबद्दल किंवा संदेष्ट्याबद्दल नाही लिहिलेलं, कारागिराबद्दल लिहिलंय. त्याच्या मदतीला अहलियाब. आमच्याकडे नवीन पोरगा कामाला लागला की त्याला आम्ही हा उतारा आधी वाचून दाखवतो, मग पटाशी हातात देतो.

आता दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. गणना 21 मध्ये मोशे देवाच्याच सांगण्यावरून पितळेचा साप करतो, त्याच्याकडे बघून लोक वाचतात. पुढे कित्येक पिढ्या गेल्या आणि लोक त्या सापापुढे धूप जाळायला लागले, तेव्हा हिज्कीया राजानं तो फोडून टाकला, 2 राजे 18. म्हणजे वस्तू तीच, देवानंच करायला लावलेली, पण लोकांचं तिच्याशी नातं बिघडलं. आम्हाला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण मूर्ती विकणाऱ्यानं ती विसरून चालणार नाही.

आठव्या शतकात ह्याच वादावरून बायझंटाईन साम्राज्यात पवित्र चित्रं फोडली, जाळली गेली. तेव्हा दमास्कसचे संत योहान यांनी जो मुद्दा मांडला तो आजही टिकून आहे : देव अदृश्य होता तोवर त्याचं चित्र कुणी काढू शकत नव्हतं, पण तो माणूस झाला, लोकांनी त्याला डोळ्यांनी पाहिलं, हातांनी स्पर्श केला, मग त्याचं चित्र काढता येत नाही असं म्हणणं म्हणजे तो खरोखर माणूस झालाच नाही असं म्हणणं. पुढे 787 साली निकियाच्या दुसऱ्या परिषदेनं ठरवलं की प्रतिमेला मान द्यायचा, आराधना फक्त देवाची, आणि दिलेला मान प्रतिमेत अडकत नाही, ज्याची प्रतिमा आहे त्याच्यापर्यंत जातो. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स लोक हेच मानतात. तुमची मंडळी हे मानत नसेल तर आम्ही वाद घालणार नाही, तुम्हाला रिकामा क्रूस, प्रभुभोजनाचं टेबल, व्यासपीठ, वचन कोरलेली फळी असं काम करून देतो आणि तितक्याच मनापासून करतो. प्रोटेस्टंट लोकांनी कला सोडली असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे, त्यांनी ती गाण्यात आणि शब्दांत नेली. जर्मन संगीतकार बाख आपल्या कितीतरी रचनांच्या शेवटी एस. डी. जी. ही तीन अक्षरं लिहायचा, म्हणजे गौरव फक्त देवाचा. आणि आपल्याकडे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक होतेच, 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि अभंग, भजन, कीर्तन हे सगळं बरोबर घेऊन आले, ते मागे टाकून नाही आले.

कारागीर ख्रिस्ती आहेत का?

काही आहेत, काही नाहीत. हे आम्ही लपवत नाही. गोव्यात पोर्तुगीज काळात हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती करून घेऊ नका असे हुकूम निघाले होते, तरी कामं त्यांच्याकडे जातच राहिली कारण हात त्यांचे तयार होते, आणि त्या काळातल्या हस्तिदंती, लाकडी मूर्ती आज म्युझियममध्ये लोक थांबून बघतात. फ्रान्समध्ये आसी नावाच्या डोंगराळ गावात 1950 ला एक चर्च उघडलं, फादर कुतुरिये म्हणून डॉमिनिकन धर्मगुरू होते त्यांनी त्यासाठी त्या काळातले मोठमोठे कलाकार बोलावले, त्यात शागाल ज्यू होता, लेजे कम्युनिस्ट होता. टीका खूप झाली. तिथला एक क्रूस तर बिशपांनी काढायलाही लावला, येशू ओळखू येत नाही म्हणून, नंतर तो परत आला.

आमचं मत असं आहे की श्रद्धा असलेला पण हात कच्चा असलेला माणूस देवाच्या नावावर ढिसाळ काम खपवतो तेव्हा तो जास्त नुकसान करतो. आमच्याकडचा सगळ्यात चांगला कोरीव काम करणारा ख्रिस्ती नाही, पण मरियेचा हात कोरायच्या आधी तो आम्हाला ती त्या क्षणी काय ऐकत होती ते विचारून घेतो, देवदूताचा निरोप की क्रुसाखाली उभी आहे, कारण बोटं वेगळी पडतात. ह्याहून जास्त काय मागायचं? मूर्तीला आशीर्वाद द्यायचं काम फादरांचं, ते आम्ही करत नाही आणि तसं सांगून विकतही नाही.

चेहरा कुणासारखा?

सोनेरी केस, निळे डोळे, गुलाबी गाल अशा फोटोचा स्क्रीनशॉट घेऊन बरेच जण येतात. आम्ही नाही म्हणत नाही, कारण तुमच्या आजीच्या ऑल्टरवर तीच फ्रेम होती आणि तिच्यासमोर घरात रोज रोझरी झाली असेल तर त्या चेहऱ्याशी तुमचं नातं खरं आहे. पण एवढं माहीत असू द्या की येशू गालीलातला ज्यू होता, तो युरोपियन पण नव्हता आणि कोळीवाड्यातला पण नव्हता, इटलीवाल्यांनी त्याला आपल्यासारखा काढला, इथिओपियावाल्यांनी आपल्यासारखा. मग आपण का नाही? गोव्याचे आंजेलो दा फोन्सेका (1902 ते 1967) शांतिनिकेतनला अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले आणि त्यांनी साडीतली, सावळी मरिया काढली. गोव्यात लोकांना ते पटलं नाही, विरोध झाला, ते पुण्याला ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून काढत राहिले. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर हेरास त्यांच्या पाठीशी होते. त्याच्याही कितीतरी आधी, 1616 ला, फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण ओवीत छापून झालं होतं, ते जन्मानं इंग्लिश, पण येशूची गोष्ट इथल्या माणसाला सांगायची तर इथल्या छंदात सांगायला हवी हे त्यांना कळलं होतं. वेलंकणी मातेला साडी नेसवलेली सगळ्यांना चालते, तर लुगड्यातली मरिया पण चालावी असं आम्हाला वाटतं. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या कॅथलिक, घरातून अशी ऑर्डर आली की आम्हाला खरंच आनंद होतो, लुगड्याच्या निऱ्या आणि दागिने बरोबर यावेत म्हणून घरातल्या बायकांचा जुना फोटो जरूर आणा.

आणि एक विनंती वारंवार येते, क्रुसावरच्या येशूचं रक्त कमी करा, चेहरा शांत करा, मुलं घाबरतात. थोडं करतो. पूर्ण नाही. यशया 53 मध्ये लिहिलंय की त्याला ना रूप होतं ना सौंदर्य. चित्रकार सूझा (1924 ते 2002), ज्यांनी 1947 ला मुंबईत प्रोग्रेसिव्ह ग्रुप सुरू केला त्यांच्यातले एक, कॅथलिक घरात वाढले आणि त्यांचा क्रुसावरचा येशू इतका काटेरी आहे की बघवत नाही. ते चर्चवर रागावलेले होते, पण गुड फ्रायडेला काय घडलं ते गोड करून दाखवायला त्यांनी नकार दिला एवढं आम्ही त्यांच्याकडून नक्की घेतो.

कामाबद्दल

घरचा क्रूस सागवानात घ्या, परवडत असेल तर. येशूचं अंग आणि हात आम्ही एका ओंडक्यातून काढत नाही कारण लाकडाच्या रेषा हाताच्या लांबीत गेल्या पाहिजेत, आडव्या गेल्या तर हात खांद्यापाशी मोडतो, म्हणून हात वेगळे कोरून खुंटीनं बसवतो. लाकूड नीट वाळलेलं लागतं, नाहीतर मुंबईच्या पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात तडकतं. स्क्रू पितळेचे, खाऱ्या हवेत लोखंड गंजतं. मूर्तीची मागची बाजू भिंतीकडे असली तरी ती पूर्ण घासतो, बरेच जण विचारतात कशाला वेळ घालवता, कोण बघणार, तर देव बघतो हे आमचं साधं उत्तर आहे. मार्क 6 मध्ये गावचे लोक येशूला सुतार म्हणून ओळखतात. तिशीपर्यंत तो गावातच होता, म्हणजे त्यानं दरवाजे, नांगर असलं काहीतरी केलंच असणार आणि ते वापरणाऱ्याच्या हाताला टोचू नये ह्याची काळजीही घेतली असणार.

फायबरची मूर्ती शाडूच्या मॉडेलवरून साचा काढून होते, साच्यातून पुष्कळ निघतात म्हणून स्वस्त. तिच्यात कमीपणा काही नाही, पावसात उघड्यावर ठेवायची तर तीच बरी. फक्त तिला लाकडाचा रंग मारून हाताने कोरलेली म्हणून आम्ही देणार नाही, कितीही आग्रह केला तरी. देवाच्या मूर्तीबद्दल खोटं बोलून धंदा करायचा नाही.

बऱ्याच पालकांची मुलं आर्ट कॉलेजला आहेत आणि त्यांना काळजी वाटते की पोरगी देवाची चित्रं काढतच नाही, नुसती लोकल ट्रेनची गर्दी आणि मासे काढते. काढू द्या. शलमोनाच्या मंदिराच्या खांबांवर डाळिंबं आणि फुलं होती, 1 राजे 7, खांब त्यांच्याशिवायही उभे राहिले असते. माशाचे खवले नीट बघून काढणं हीसुद्धा ज्यानं तो मासा केला त्याची स्तुतीच आहे.

गावठाणातले क्रूस

1896 ला मुंबईत प्लेग आला, त्या काळात बरेच क्रूस नवसाचे म्हणून उभे राहिले. आता दरवर्षी सणाच्या आधी त्यांच्यावर ऑइल पेंटचा नवा थर चढतो. कृपा करून थांबवा. रंगानं दगड बंद होतो, आतली ओल बाहेर येत नाही आणि पापुद्रे सुटून कोरलेली अक्षरं जातात. चुना लावा, तो दगडाला श्वास घेऊ देतो. अक्षरांचा फोटो आधी काढून ठेवा, सकाळच्या तिरप्या उन्हात काढलात तर पुसट नावं पण वाचता येतात.

नाताळच्या गोठ्याची ऑर्डर सप्टेंबरच्या आत द्या, माउंट मेरीची जत्रा झाली की आमच्याकडे गर्दी सुरू होते. पावसात पॉलिश वाळायला वेळ लागतो, म्हणून जून ते ऑगस्ट तारीख मागेपुढे होऊ शकते. जुनी मूर्ती दुरुस्तीला आणताना तुटलेली बोटं, नाक, मुकुटाचे तुकडे फेकू नका, सगळं एका पिशवीत घालून आणा, आणि घरी फेव्हिक्विकनं चिकटवू नका, ते नंतर साफ काढायला फार त्रास होतो. रविवारी मिस्सा सुटल्यानंतर दुपारपर्यंत वर्कशॉप उघडं असतं, मुलांना घेऊन या, कोरताना बघायला कुणालाही मनाई नाही, फक्त पटाशीच्या टेबलापासून त्यांना जरा लांब धरा.